नऊ घोडे आणि एक जप्तीचा कागद

बिली द किडचं नाव आपल्याकडे हॉलिवूडच्या सिनेमांमुळे पोचलं. ज्या माणसाच्या मृत्यूमुळे तो पोरगा सूडाला निघाला, त्या जॉन हेन्री टनस्टॉलचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नाही. लंडनच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा हा एकुलता एक मुलगा. एका डोळ्याने जवळजवळ आंधळा. कॅनडात बापाच्या पेढीवर काही वर्षं काढून १८७६ साली तो न्यू मेक्सिकोत आला आणि बापाच्याच पैशावर रिओ फेलिझ नदीकाठी त्याने गुरांची रँच उभी केली. मेला तेव्हा पंचविसाव्या वाढदिवसाला सोळा दिवस बाकी होते.

त्याचा खून झाला तो सोमवार, १८ फेब्रुवारी १८७८ रोजी. त्या दिवसाचे तास एकामागून एक मांडले की एक गोष्ट डोळ्यांत खुपत राहते. मारणाऱ्यांच्या हातात कायद्याचा कागद होता. मरणाऱ्याचाही भरवसा कायद्यावरच होता.

आधीचे पंधरा महिने

टनस्टॉल १८७६च्या नोव्हेंबरात लिंकन गावात आला, तेव्हा तिथे सत्ता एकाच दुकानाची होती. लॉरेन्स मर्फी आणि जेम्स डोलन यांच्या त्या दुकानाला लोक नुसतं ‘द हाउस’ म्हणत. जवळच्या फोर्ट स्टँटनच्या लष्करी तळाला आणि मेस्कलेरो अपाचींच्या वसाहतीला मांस-धान्य पुरवायचे सरकारी ठेके त्यांच्याकडे. शेतकऱ्याला उधारी तेच देणार, त्याचं पीक तेच उचलणार, भावही तेच ठरवणार. शेरीफ विल्यम ब्रेडी त्यांच्या मर्जीतला. मर्फी, डोलन, ब्रेडी हे सगळे जन्माने आयरिश, आणि समोर येऊन उभा राहिला तो पैसेवाला इंग्रज. आयर्लंडमधल्या माणसाला इंग्रज जमीनदार म्हणजे काय हे कुणी सांगावं लागत नव्हतं.

टनस्टॉल गरिबांचा तारणहार वगैरे नव्हता. त्याने घरी लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. त्यांत तो बापाला अगदी मोकळेपणाने कळवतो की या काउंटीत कुणीही एक डॉलर कमावला तरी त्यातला अर्धा माझ्याकडे यावा, असा माझा बेत आहे. त्याने दुकान काढलं, बँक काढली. बँकेवर अध्यक्ष म्हणून जॉन चिझम हा त्या मुलखातला सर्वांत मोठा गुरेवाला आणला, आणि वकील अलेक्झांडर मॅक्स्वीनला साथीला घेतलं. त्याला हाउसचीच जागा हवी होती. फरक एवढाच की त्याला ती बाजारात स्पर्धा करून आणि कागदोपत्री सरळ मार्गाने मिळवायची होती.

डोलनला कागद सापडला तो मात्र एका मेलेल्या माणसाचा. मर्फीचा जुना भागीदार एमिल फ्रिट्झ १८७४ साली जर्मनीत वारला. त्याच्या आयुर्विम्याचे १०,००० डॉलर वसूल करायचं काम मॅक्स्वीनकडे आलं. त्याने पैसे वसूल केले, पण वारस नक्की कोण आणि त्यावर कुणाकुणाचा हक्क, याचा निकाल लागेपर्यंत ते सोडायला तयार होईना. त्यावरून अफरातफरीचा खटला झाला आणि न्यायाधीश ब्रिस्टल यांच्या कोर्टातून ८,००० डॉलरपुरता मॅक्स्वीनच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम निघाला. टनस्टॉल हा मॅक्स्वीनचा भागीदार, म्हणून त्याचा मालही जप्तीत धरायचा, असा अर्थ शेरीफने लावला. कागदावर तशी भागीदारी नव्हती, हे टनस्टॉल घसा फोडून सांगत होता.

जानेवारीत त्याने आगीत तेल ओतलं. लोकांनी भरलेला करच शेरीफ ब्रेडीने हाउसच्या व्यवहारात वापरू दिला, असा आरोप करणारं पत्र त्याने वर्तमानपत्रात छापून आणलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, कोर्टातून परतताना वाटेतल्या एका मुक्कामावर डोलन बंदूक घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला आणि लढायला चल म्हणाला. टनस्टॉलने नकार दिला.

बुधवार, १३ फेब्रुवारी

शेरीफचा माणूस जेकब मॅथ्यूज काही स्वार घेऊन रिओ फेलिझच्या रँचवर आला. बरोबर जेसी एव्हान्स, फ्रँक बेकर आणि टॉम हिल हे घोडेचोर होते. त्यांच्याच नावाने अटकेची वॉरंटं निघालेली होती आणि तेच आता जप्तीला आले होते. रँचचा मुकादम डिक ब्रूअर याने समजुतीची भाषा केली. मॅक्स्वीनचं एखादं जनावर सापडलं तर खुशाल न्या, म्हणाला. मॅथ्यूज परत गेला, पण मोठी कुमक घेऊन यायला.

रविवार, १७ फेब्रुवारी, रात्र

चाळीसेक माणसं जमवली जातायत, अशी खबर टनस्टॉलला लागली होती. तो रात्री रँचवर पोचला तेव्हा त्याच्या माणसांनी घराच्या भिंतींना बंदुकीच्या नळ्या बाहेर काढायला भोकं पाडून ठेवली होती. लढायची सगळी तयारी होती. आत ब्रूअर, जॉन मिडलटन, फ्रेड वेट, रॉबर्ट वाइडनमन, म्हातारा स्वयंपाकी गॉस, आणि विल्यम बॉनी नावाचा अठरा-एकोणीस वर्षांचा नवा पोरगा. यालाच पुढे जग बिली द किड म्हणणार होतं.

टनस्टॉलने लढू नका असं सांगितलं. गुरं घेऊन जाऊ देत, आपण कोर्टातून परत मिळवू. चारेकशे जनावरांसाठी एकही माणूस मरायला नको, हा त्याचा हिशेब होता. त्या मुलखात इतका शहाणा हिशेब त्या वर्षी दुसऱ्या कुणी केलेला दिसत नाही.

सोमवार, पहाटे ३च्या सुमारास

विल्यम मॅक्लॉस्की या माणसाला घोड्यावर पुढे धाडलं. मॅथ्यूजला निरोप असा, की आम्ही अडवणार नाही, येऊन गुरं मोजून ताब्यात घ्या. मॅक्लॉस्कीची पलीकडच्या लोकांशीही दोस्ती होती, म्हणून तोच निवडला.

सकाळी ८

टनस्टॉल आणि त्याची माणसं लिंकनच्या दिशेने निघाली. वाट पन्नासेक किलोमीटरची, डोंगरातली. रँचवर एकटा गॉस मागे राहिला.

सोबत नऊ घोडे होते. या नऊ घोड्यांपाशी थांबायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्या नावाने झालं. त्यांतले सहा शेरीफ ब्रेडीने स्वतः जप्तीतून मोकळे केले होते. दोन मुकादम ब्रूअरच्या मालकीचे. उरलेला एक बॉनीचा. म्हणजे जप्तीच्या हुकमाखाली येणारा असा एकही घोडा त्या कळपात नव्हता.

काही अंतर गेल्यावर वेट सामानाची गाडी घेऊन सडकेने गेला. बाकीच्यांनी घोडे घेऊन रुइडोसो नदीकडे उतरणारी जवळची पायवाट धरली.

दुपार

मॅथ्यूजची टोळी रँचवर पोचली. घर रिकामं, गुरं जागेवर, स्वयंपाकी दारात. निरोप आधीच मिळालेला. हुकूम बजावायचा तर काम तिथेच संपलं होतं. गुरं मोजायची, यादी करायची, सही घ्यायची आणि माघारी फिरायचं.

तरीही मॅथ्यूजने टोळीतले चौदाएक जण निवडले, डोलनच्या गुरांचा तळ सांभाळणारा विल्यम मॉर्टन याला त्यांचा म्होरक्या केलं आणि घोडे आणायला पाठवलं. एव्हान्स, बेकर आणि हिल हेही त्यांच्यामागे निघाले. आमचा एक घोडा त्या कळपात आहे, ही त्यांची सबब. कायद्याच्या टोळीत वॉरंट निघालेले चोर सामील होत होते आणि त्यांना कुणी हटकत नव्हतं. मला वाटतं, खून ठरला तो याच क्षणी. मनात असो वा नसो, मॅथ्यूजने बंदूक भरून दुसऱ्याच्या हातात दिली होती.

संध्याकाळी ५ नंतर

सूर्य डोंगराआड चालला होता. वाट अरुंद घळीत उतरत होती, आणि दिवसभरात काहीच न घडल्याने सगळे सैलावले होते. रानटर्कींचा थवा दिसला. वाइडनमनने आपली बंदूक टनस्टॉलपुढे धरली, पण ब्रूअरचा नेम चांगला, तोच जाऊ दे, असं म्हणून टनस्टॉलने ती घेतली नाही. ब्रूअर आणि वाइडनमन पक्ष्यांच्या मागे बाजूच्या उतारावर चढले. मिडलटन आणि बॉनी बरेच मागे होते. घोड्यांपाशी टनस्टॉल एकटाच उरला.

मागच्या दोघांना टेकाडावरून भरधाव उतरणारे स्वार दिसले. ते ओरडत पुढे धावले. गोळ्या सुटल्या. चौघेही समोरच्या झाडी-खडकांच्या टेकडीकडे पांगले. मिडलटनने टनस्टॉलला हाका मारमारून बोलावलं, पण तो गोंधळून तिथेच घुटमळला आणि काय झालं, काय झालं, असं विचारत राहिला. मिडलटनने हे पुढे शपथेवर सांगितलं. एका डोळ्याच्या माणसाला त्या उजेडात किती दिसलं असेल कुणास ठाऊक. आपले घोडे सोडून पळायचं कशाला, असंही त्याला वाटलं असेल. आपण काहीच बेकायदा केलेलं नाही, याची त्याला खात्री होती.

मॉर्टन, एव्हान्स आणि हिल त्याच्यापर्यंत पोचले. टेकडीवर दडलेल्यांना ते दिसलं नाही, फक्त बार ऐकू आले. एक गोळी छातीत लागली. दुसरी मागून डोक्यात. त्याचा घोडाही मारला.

अटक करायला गेलो तर त्याने आमच्यावर गोळ्या झाडल्या, असं मॉर्टनने सांगितलं. टनस्टॉलच्या पिस्तुलातल्या दोन गोळ्या खरंच उडालेल्या होत्या. पण डोक्यात मागून शिरलेल्या गोळीचा खुलासा त्या जबाबात कुठेच बसत नाही.

नंतर त्यांनी प्रेत घोड्याशेजारी आडवं केलं, चादरीत गुंडाळलं, डोक्याखाली त्याचा कोट ठेवला. टनस्टॉलची टोपी घेऊन मेलेल्या घोड्याच्या डोक्याखाली ठेवली. गोळी रागात सुटते, असं एकवेळ म्हणता येईल. हे सगळं करायला वेळ लागतो, थंड डोकं लागतं. अंधार पडायच्या आत नऊ घोडे हाकत टोळी परत गेली.

लंडनमध्ये तेव्हा मध्यरात्रीची वेळ झाली असावी. आईबाप आणि बहिणी झोपलेल्या असतील. या बहिणींना तो पानंच्या पानं पत्रं लिहायचा. मॅक्स्वीन माणूस कसा, बैल चिखलात कसे रुतले, जेवायला काय मिळालं, सगळं त्यांत असे.

मध्यरात्रीपर्यंत

वाइडनमन आणि बॉनी लिंकनला मॅक्स्वीनच्या घरी पोचले. बातमी पसरताच चाळीस-पन्नास माणसं तिथे जमली. त्यांत हाउसच्या उधारीखाली दबलेले मेक्सिकन शेतकरीही होते. दुसऱ्या दिवशी प्रेत शोधून आणलं तेही अशाच शेजाऱ्यांनी. रानातून गाडी जाईना, म्हणून प्रेत जनावराच्या पाठीवर बांधून आणावं लागलं आणि काटेरी झुडपांनी चेहरा ओरबाडला गेला. दुकानाशेजारीच त्याला पुरलं. नुकताच गावात आलेला मिशनरी डॉक्टर टेलर इली याने प्रार्थना म्हटली आणि गावकऱ्यांना समजावं म्हणून ती स्पॅनिशमध्ये सांगण्यात आली.

त्यानंतर

ब्रूअर आणि बॉनी आधी कायद्याकडेच गेले, हे सिनेमांत सहसा दिसत नाही. त्यांनी जस्टिस ऑफ द पीस विल्सन याच्यापुढे शपथपत्रं दिली, वॉरंटं काढून घेतली, आणि ब्रूअरला कॉन्स्टेबल नेमलं गेलं. आता दोन्ही बाजूंच्या खिशात कागद होते. ६ मार्चला, टनस्टॉलच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्यांनी मॉर्टन आणि बेकरला पकडलं. तीन दिवसांनी दोघांनाही वाटेत ठार केलं. पहाटे निरोप घेऊन गेलेला मॅक्लॉस्कीही त्याच वेळी मारला गेला. १ एप्रिलला शेरीफ ब्रेडी लिंकनच्या भर रस्त्यात पडला, ४ एप्रिलला ब्रूअर गेला. जुलैत गावातच पाच दिवस लढाई पेटली आणि १९ तारखेच्या रात्री मॅक्स्वीन आपल्या जळत्या घरातून बाहेर पडताना मारला गेला.

बापाने लंडनहून ब्रिटिश सरकारमार्फत दाद मागितली. वॉशिंग्टनने फ्रँक एंजेल या वकिलाला चौकशीला पाठवलं. त्याने ढीगभर साक्षी घेतल्या, गव्हर्नर ॲक्स्टेल यांना जावं लागलं आणि त्यांच्या जागी ल्यू वॉलेस आले. ‘बेन-हर’ ही कादंबरी लिहिणारे तेच हे वॉलेस. नुकसानभरपाईचा अर्ज वर्षानुवर्षं फिरत राहिला. म्हाताऱ्याला ना मुलाची किंमत मिळाली, ना गुंतवलेल्या पैशाची. टनस्टॉलच्या खुनाबद्दल कोर्टाने कुणालाही दोषी ठरवलं नाही.

जेम्स डोलनने पुढे फ्रिट्झ घराण्यातल्याच मुलीशी लग्न केलं. टनस्टॉलचं लिंकनमधलं दुकान त्याच्याकडे आलं आणि रिओ फेलिझची रँचही. १८९८ साली तो वारला तेव्हा त्याच कुरणाचा मालक म्हणून वारला.