लाखोळी : गरिबाच्या डाळीचा इतिहास

भंडारा-चंद्रपूरकडे धान कापण्यापूर्वीच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकतात. तिला नांगर नको, पाणी नको. दुष्काळात बाकीची पिके करपली तरी ती तग धरते. म्हणूनच ती गरिबाची डाळ. पण या अन्नपूर्णेच्या इतिहासात एक काळे पानही आहे.

ठगांचा कर्दनकाळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने ते आपल्या १८४४ सालच्या ग्रंथात नोंदवून ठेवले. सागरचा मुलूख पुढे मध्यप्रांतात, म्हणजे आपल्या नागपूरच्या छत्राखाली आला. ही हकीकत तिथली. १८२९ साली गहू गारांनी झोडपला, १८३० साली पावसाने दगा दिला, १८३१ साली पिकावर रोग पडला. तगली ती एकटी लाखोळी. लोकांनी तिच्यावरच दिवस काढले. आणि १८३३ साली तिशीच्या आतली धडधाकट माणसे कमरेखाली एकाएकी लुळी पडू लागली! बुद्धी शाबूत, हात शाबूत. पाय तेवढे गेले ते गेलेच.

स्वतंत्र भारतात १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. विषाचा पत्ता लागला तो त्यानंतर, १९६४ साली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा यांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळे केले. मज्जापेशींमध्ये निरोप पोचविणारे ग्लुटामेट नावाचे द्रव्य असते. हे आम्ल त्याचेच सोंग घेते. पेशीवरची निरोप झेलणारी प्रथिने फसतात, पेशी नको तितकी चेतते आणि अखेर मरते.

अशा प्रथिनांची परीक्षा घ्यायला आज नवे हत्यार आले आहे. डाउडना व शार्पेंटिए या विदुषींनी २०१२ साली जिवाणूंकडून उचललेली जनुकांची कात्री दाखविली आणि २०२० सालचे नोबेल मिळविले. काचपात्रात वाढविलेल्या मज्जापेशीतले एक जनुक कापायचे, आणि ते प्रथिन नसताना पेशी जगते की मरते ते पाहायचे. कंपवात, स्मृतिभ्रंश यांचाही शोध याच वाटेने चालला आहे. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘महातिवडा’ हे कमी विषाचे वाण मात्र निवड-संकराच्या जुन्याच रीतीने काढले.

वाचकहो, एक गोष्ट विसरू नये. हा रोग जडतो तो महिनोन्महिने या डाळीवरच गुजराण करणाऱ्याला. डाळीतले विष शास्त्र काढील. त्या ताटात दुसरे धान्य वाढणे मात्र आपल्याच हाती आहे.