कांदाचाळ

कांदाचाळ : काढणीनंतर कांदा चार ते सहा महिने टिकवण्यासाठी शेतात वा घराजवळ उभारलेली हवेशीर साठवणजागा. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि खरिपाचा नवा माल ऑक्टोबरनंतर बाजारात येतो. मधले महिने ग्राहकाच्या ताटात पडतो तो मुख्यतः चाळीतला कांदा. नाशिक, अहिल्यानगर व पुणे जिल्ह्यांत चाळी विशेष आढळतात.

काढलेला कांदा जिवंत असतो, त्याचे श्वसन चालूच राहते. मे महिन्याच्या उन्हात त्याचे वजन घटते, पावसाळ्याच्या दमट हवेत काजळी धरते, सड लागते आणि पुढे गारवा आला की कोंब फुटतात. साध्या साठवणीत या तिन्ही वाटांनी 30 ते 40 टक्के माल हातचा जातो. कांद्याला 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. 5 ते 20 अंशांच्या दरम्यान तो लवकर कोंबावतो. म्हणून शीतगृहापेक्षा खेळत्या हवेची चाळच शेतकऱ्याला परवडते.

सुधारित चाळीचा तळ जमिनीपासून सुमारे दोन फूट उंच असतो. बांबूच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या फटींतून वारा खालून वर चढतो. कप्प्याची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि ढिगाची उंची चार-पाच फुटांपर्यंतच ठेवावी. जास्त मावतो म्हणून थर वाढवला की खालचा कांदा दबतो, मधला घामेजतो. उघडे लोखंडी पत्रे तापतात, त्यामुळे छपराला कौले किंवा सिमेंटचे पत्रे बरे.

मात्र चाळ कितीही चांगली असली तरी कच्चा कांदा तिच्यात पिकत नाही. टिकाऊपणा शेतातच ठरतो. नत्राचा हप्ता उशिरा दिला तर माना जाड राहतात आणि त्या मानेतूनच रोग आत शिरतो. काढणीपूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे. निम्म्याअधिक माना पडल्या की काढणी करून, एका ओळीची पात दुसरीच्या कांद्यावर येईल अशा बेताने शेतात तीन-चार दिवस सुकवावे. मग इंचभर मान ठेवून पात कापावी आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवावे. डेंगळे, जोडकांदा, खुरपे लागलेला माल चाळीबाहेरच ठेवावा. या कामाला मजूर लागतात, वेळ जातो, आणि घाईत नेमके हेच टाळले जाते. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेच्या ‘भीमा शक्ती’, ‘भीमा किरण’ या जाती साठवणीस चांगल्या आहेत.

लासलगावच्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात (2002) गॅमा किरणांनी कोंब रोखता येतात. सड आणि घट मात्र त्याने थांबत नाही.

पावसाळ्यात चाळ रोज पाहावी लागते. ओल्या वाऱ्याच्या बाजूला बारदान सोडायचे, ऊन पडले की गुंडाळायचे. आंबूस वास आला किंवा तळाच्या फटींतून तपकिरी पाणी ठिबकताना दिसले, की तो कप्पा त्याच दिवशी फोडून माल निवडावा लागतो, बाजारात भाव असो वा नसो.