मिरीची जागा आणि मिरची

मूळ मराठी चव कोणती, असा प्रश्न निघाला की बहुतेकांच्या ओठावर मिरचीचे नाव येते. इतिहास मात्र या उत्तराला दुजोरा देत नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन आढळते. त्यात मिरी, हिंग, आले, सैंधव आहेत. मिरची नाही, आणि असणे शक्यही नव्हते. ती अमेरिका खंडातील वनस्पती होय. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपास ज्ञात झाली. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली.

ही परकी वस्तू आपल्या स्वयंपाकात एवढी मुरली कशी? कारण तिच्यासाठी जागा आधीच होती. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या षड्रसांपैकी 'कटू' म्हणजे संस्कृतात तिखट. मराठीत त्याच शब्दाचे 'कडू' झाले आणि अर्थ पालटला. या कटू रसाचा भार मिरी आणि पिंपळी वाहत असत. मिरचीने तो उचलला. तिचे नावही मिरीशीच नाते सांगते.

पदार्थ बदलला, मेळाचा नियम बदलला नाही. आमटीत तिखटाला चिंच आवरते, चिंचेला गूळ, आणि मीठ या सर्वांना एकत्र आणते. कारल्याचा कडवटपणाही मीठ, चिंच व गूळ यांनीच सुसह्य होतो. मिरचीचा तिखट अंश पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फोडणीतून तो सर्वत्र पसरतो. गोव्यात चिंचेबरोबर आमसूल येते, तिखटाला नारळाचा रस सौम्य करतो आणि बांगड्याच्या कालवणात तिरफळ पडते. साहित्य वेगळे, तोल तोच.

तेव्हा आपल्या चवीची ओळख एखाद्या जिनसात शोधणे व्यर्थ आहे. ती रसांच्या परस्परसंबंधात आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांना हे विशेष दिलासा देणारे आहे. त्यांच्या स्वयंपाकात स्थानिक जिन्नस आले म्हणून मराठीपण उणावत नाही. मिरचीही एके काळी अशीच पाहुणी होती.