प्राथमिक वर्गातला कॅल्क्युलेटर

मुलांच्या हाती कॅल्क्युलेटर दिला की पाढे गेलेच, ही भीती जुनी आहे. तिचा खरेखोटेपणा पाहायचा तर हे यंत्र वर्गात आलं कसं आणि बाहेर गेलं कसं, ते पाहावं लागतं.

१९६७ साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बी, जेरी मेरीमन आणि जेम्स व्हॅन टॅसल यांनी हातात धरता येईल असं गणकयंत्र बनवलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढंच ते करी आणि उत्तर कागदाच्या पट्टीवर छापून देई. पुढच्या दहा वर्षांत किमती धडाधड उतरल्या. १९७६ साली याच कंपनीने मुलांसाठी ‘लिटल प्रोफेसर’ काढला. तो गणित घाली, उत्तर मुलाने द्यायचं.

१९८० साली अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने सगळ्याच इयत्तांत कॅल्क्युलेटर वापरावा, अशी शिफारस केली. सर्वांत धीट प्रयोग मात्र इंग्लंडमध्ये झाला. १९८६च्या सुमारास केंब्रिजच्या होमर्टन कॉलेजातल्या हिलरी शुअर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली काही शाळांत सहा वर्षांच्या मुलांना कॅल्क्युलेटर दिले गेले. ते कधी वापरायचे, हे मुलांनीच ठरवायचं. हातच्याची ठरावीक रीत शिकवायची नाही आणि तोंडी हिशेबाला मुद्दाम वाव द्यायचा.

यातून काय घडतं, हे एका साध्या खेळात दिसतं. दहातून एक वजा करून बरोबरचं बटण दाबत राहायचं. नऊ, आठ, सात करत शून्य येतं. पुन्हा दाबलं की एकामागे वजाचं चिन्ह उमटतं. ऋण संख्येचा धडा वरच्या वर्गातला, पण प्रश्न आत्ताच पडलेला असतो. सातला दोनाने भागलं की पडद्यावर साडेतीन. आपल्याकडे मुलं निमकी, औटकी म्हणजे अर्ध्याचे, साडेतीनचे पाढे घोकून अपूर्णांकांशी लवकर ओळख करून घेत. इथे ती ओळख कुतूहलातून होते.

पुढे वारं फिरलं. १९९९पासून इंग्लंडमधल्या सरकारी धोरणाने लहान वर्गांत तोंडी हिशेबावर भर देऊन कॅल्क्युलेटर वरच्या वर्गांपुरता ठेवला. २०१४पासून अकरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीतूनही तो गेला.

परीक्षेतून तो काढला याची मला खंत नाही. वर्गातूनही तो काढला जातो, याची आहे. पाढे पाठ हवेतच, कारण त्यांच्याशिवाय उत्तराचा अदमास बांधता येत नाही. पण मुलाने आधी अदमास सांगावा, मग बटण दाबावं आणि दोन्हींत फरक पडला तर कारण शोधावं. एवढी शिस्त शिक्षकाने लावली, तर यंत्र पाढ्यांच्या मुळावर येत नाही, उलट त्यांची गरज मुलाला स्वतःहून पटते.