चिमणीचा धूर कुठवर पसरतो, हे गणिताने कसं कळतं?

पनवेल तालुक्यातल्या ओवे, खारघर, तळोजा या पट्ट्यात राहत असाल, तर रात्री येणारा उग्र वास तुम्हाला नवा नसेल. शेजारीच तळोजा एमआयडीसी आहे. मग चिमणीतून निघालेला धूर किती पसरेल, हे आधी सांगता येतं का? समजून घेऊ.

झोत म्हणजे काय?
चिमणीच्या तोंडातून वेगाने बाहेर पडणारा वायू म्हणजे झोत. त्यात लहान-मोठे भोवरे तयार होतात आणि ते बाजूची हवा आत ओढतात. त्यामुळे झोत रुंद होतो, मंदावतो आणि धूर विरळ होतो. यालाच टर्ब्युलन्ट जेट म्हणतात.

गणित कसं मांडतात?
प्रत्येक भोवऱ्याचा हिशेब ठेवणं महासंगणकालाही झेपत नाही. म्हणून ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये सरासरी वेगाची समीकरणं मांडली. पण सरासरी काढली की अज्ञात गोष्टी समीकरणांपेक्षा जास्त होतात. ही उणीव गृहीतकाने भरावी लागते. मॉर्टन, टेलर आणि टर्नर यांनी १९५६ मध्ये वापरलेलं गृहीतक सोपं आहे: बाजूची हवा आत शिरण्याचा वेग हा त्या ठिकाणच्या झोताच्या वेगाच्या प्रमाणात असतो.

यातून काय मिळतं?
स्थिर हवेत झोत साधारण २४ अंशांच्या शंकूत पसरतो. तोंडाचा व्यास १ मीटर असेल, तर ६० मीटरवर मधला वेग सुमारे एक दशांश उरतो. धूर गरम असेल तर तो आणखी वर चढतो, वारा असेल तर वाकतो.

चिमणी किती उंच हवी?
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रानुसार, ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो त्या आकड्याचा ०.३ घात गुणिले १४, इतके मीटर. किमान ३० मीटर. ताशी १०० किलोसाठी उंची सुमारे ५६ मीटर येते.

तरीही वास का येतो?
कारण गणित सरासरीचं असतं. नाकाला मात्र काही सेकंदांची दाट झुळूकही पुरते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड आणि वर उबदार हवा असते, तेव्हा हवा नीट मिसळत नाही. शिवाय उंच चिमणी धूर लांब नेते, कमी करत नाही.

म्हणून तक्रार करताना वासाची नेमकी वेळ आणि वाऱ्याची दिशा जरूर लिहा. दिवसभराच्या सरासरीत नेमकी हीच माहिती हरवते.