मेण, हस्तिदंत, सिलिकॉन : नाकात बसवलेल्या वस्तूंचा इतिहास आणि नाकाला लागलेला मार

नाकाला मार लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. चेंडू लागतो, दार आपटते, कुणी गाडीवरून पडते. पण नाक उंच दिसावे म्हणून ज्यांनी आत सिलिकॉनची पट्टी बसवून घेतली आहे, त्यांनी अशा माराकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवे. ते का, हे इतिहासातून चांगले समजते.

पुण्याजवळ झालेले नाक

ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी या मराठी माणसाची हकिगत छापून आली. तो इंग्रज फौजेत बैलगाडी हाकत असे. टिपू सुलतानाच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक तयार केले. ही कातडी भुवयांच्या मध्ये जोडलेलीच ठेवली होती, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा चालू राहिला. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली. हे नाक रुग्णाच्या स्वतःच्या जिवंत कातडीचे होते.

सोपा मार्ग महागात पडला

१८९९ साली व्हिएन्नाचे रॉबर्ट गेर्झुनी यांनी शरीरात पॅराफिन टोचून आकार भरून काढण्याची पद्धत सुरू केली. त्या काळी उपदंशाने किंवा मार लागून अनेकांच्या नाकाचा दांडा खचलेला असे. कापाकापी न करता सुईने काम होते म्हटल्यावर पद्धत झपाट्याने पसरली. पुढे मेण जागचे हलू लागले, त्याभोवती कठीण गाठी झाल्या. काहींच्या बाबतीत ते डोळ्याच्या रक्तवाहिनीत जाऊन दृष्टी गेली. सौंदर्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ग्लॅडिस डीकन यांनी तरुणपणी नाकात मेण भरून घेतले आणि ते हनुवटीपर्यंत उतरले.

मग बर्लिनच्या जाक जोसेफ यांनी हस्तिदंताचे तुकडे वापरले. हस्तिदंत मेणासारखे वितळत नाही, पण शरीराच्या दृष्टीने तेही परकेच. पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी हॅरॉल्ड गिलीज यांनी रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा वापरली. १९५० नंतर सिलिकॉन आले. ते घडवायला सोपे, शिवाय बरगडीवर वेगळी जखम करावी लागत नाही. पूर्व आशियात ते विशेष रूढ झाले.

मार लागल्यावर आत काय होते?

सिलिकॉनमध्ये रक्तवाहिन्या नसतात. शरीर त्याभोवती एक पातळ पिशवी तयार करते आणि पट्टी तिच्यात राहते. जोराचा मार लागला की पट्टी सरकू शकते आणि पिशवीत रक्त साचू शकते. तिथे जंतू पोहोचले तर ते सिलिकॉनच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. औषध रक्तातून येते, पण पट्टीत रक्त जातच नाही. म्हणून अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागेलच असे नाही, कधी पट्टी काढावी लागते. आतून ताण राहिला तर वरची कातडी पातळ होत जाते आणि पट्टी बाहेर डोकावू लागते. हा त्रास कधी लगेच, तर कधी बऱ्याच काळाने दिसतो.

काय करावे?

- ताठ बसून किंचित पुढे वाका, तोंडाने श्वास घ्या, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. दांड्यावर दाब देऊ नका. बर्फ कापडात गुंडाळून शेका.
- वाकडे दिसले तरी स्वतः दाबून सरळ करू नका, मालीश तर नकोच.
- मार लागल्यानंतर नाक दोन्ही बाजूंनी बंद झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पडद्यात रक्त साचले असेल तर काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक खचते. हा धोका पट्टी नसलेल्यांनाही आहे.
- पाण्यासारखा स्वच्छ स्राव, दृष्टीत बदल, शुद्ध हरपणे किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल तर थेट तातडीच्या विभागात जा.
- पुढच्या दिवसांत लाली, उष्णता, पू, ताप किंवा शेंड्यावरची कातडी पांढुरकी, चकचकीत दिसली तर थांबू नका.
- हाड मोडले असेल तर ते साधारण पहिल्या ७ ते १० दिवसांत बसवणे सोपे जाते.

आणि डॉक्टरांना पट्टीबद्दल आधी सांगा. संकोचाने अनेकजण हे लपवतात. शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवा, कारण आत काय आणि केव्हा बसवले, यावर पुढचे उपचार ठरतात.