शकुंतलेच्या पोटाखाली

रेल्वेवर लिहिणारे लोक इंजिनावर लिहितात. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गाची कथा सांगणाराही १९२१ साली मँचेस्टरला घडलेल्या वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतो आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले, इथे हळहळून थांबतो. ज्या डब्यांतून कारंज्याची माणसे सत्तर-ऐंशी वर्षे बाजाराला, लग्नाला आणि कोर्टाच्या तारखांना गेली, ते डबे कशावर उभे होते हे कोणी विचारत नाही. मला ते विचारावे लागले, कारण मी शकुंतलेच्या एका प्रवासी डब्याची १:८७ प्रमाणातली प्रतिकृती करायला घेतली होती. डब्याचा वरचा भाग पंधरा दिवसांत उभा राहिला. बुडाच्या सांगाड्याला, म्हणजे अंडरफ्रेमला, दोन वर्षे लागली.

आधी मार्गाविषयी थोडे. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी किलिक, निक्सन आणि कंपनीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापुराहून एक फाटा अचलपूरला गेला, ७६ किलोमीटरचा. दुसरा कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटरचा. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा १९९८चा. रूळ त्याच्यापेक्षा खूप जुने. मालकी कंपनीची, गाडी चालवायची आधी जीआयपीने आणि नंतर मध्य रेल्वेने, असा हा चमत्कारिक संसार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. रुळांतले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

या ७६२ला ८७ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात ९ मिलिमीटरचा छोटा रूळ सहज मिळतो, त्यामुळे शकुंतला जवळपास अचूक मापात उतरते. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरची. तिचे १९ मिलिमीटरच्या वर होतात आणि मॉडेलवाले ती निमूट साडेसोळाच्या रुळावर चालवतात. म्हणजे राजधानी एक्स्प्रेसच्या प्रतिकृतीत लबाडी असते, कारंज्याच्या पॅसेंजरच्या प्रतिकृतीत ती करावी लागत नाही! रूळच इतका खरा असताना सांगाडा अंदाजाने लावणे मला पटेना.

सोपा रस्ता उसनवारीचा होता. नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात अडीच फुटी डबे आहेत, त्यांच्याखाली वाकून पाहता येते. बार्शी लाइटबद्दल तर छापील साहित्यही विपुल. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने १८९७ साली सुरू केलेल्या त्या मार्गावर मालडब्यांसाठी दाबून घडवलेल्या पोलादाचा एकच सांगाडा होता, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद. कोणत्याही धुऱ्यावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू नये, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल नेता येईल, असा त्याचा हिशेब. रूळ अडीच फूट आणि डबा सात फूट, म्हणजे रुळाच्या पावणेतीनपट रुंदी. ब्रॉडगेजचा डबा दुपटीच्याही आतच असतो. तो हिशेब वाचताना कॅलथ्रॉपबद्दल आदर वाटतो. पण गेज एक म्हणजे सांगाडा एक असे नव्हे. बार्शीचा पाया शकुंतलेखाली लावणे म्हणजे एका घराण्याच्या ताम्रपटावर दुसऱ्याचे नाव घालणे. वाशीमच्या वाकाटकांच्या बाबतीत हे आपण खपवून घेणार नाही. मग डब्याच्या बाबतीत का?

म्हणून छायाचित्रांकडे वळलो. शकुंतलेचे फोटो पुष्कळ आहेत, पण बहुतेक भर दुपारचे. माथ्यावरच्या उन्हात डब्याखाली नुसता काळा पट्टा उरतो. कामाचे फोटो हिवाळ्यातल्या सकाळचे: ऊन तिरपे आत शिरते आणि मधोमध डबा खचू नये म्हणून लावलेली ताणाची सळई, तिच्या खुंट्या, कमानीचे पाटे उजळतात. समोरून घेतलेल्या फोटोत रुळांतले अंतर ठाऊक असल्याने तीच फूटपट्टी होते. मध्यावरचा एकुलता बफर आणि त्याचा आकडा मी असाच मोजला. काही वस्तू जोडीने शोधाव्या लागतात. डब्याची स्वतःची वीज धुऱ्यावर तयार होत असेल, तर डायनॅमो, त्याचा पट्टा आणि बॅटरीची पेटी ही तिन्ही हवीत. एकच दिसली तर आपण काहीतरी चुकीचे ओळखतो आहोत असे समजावे.

व्हॅक्यूम ब्रेकचा सिलिंडर मात्र फोटोंनी दाद दिली नाही. एका फोटोत तो सरळ, दुसऱ्यात किंचित कललेला. मी हे दोन फोटो कारंज्यातल्या एका निवृत्त फिटरकाकांपुढे ठेवले. ते हसले. "भाऊ, फोटू काढनारा उभ्यानं काढते. डब्याखाली आडवं कोन पडते? आमीच." मग बोटाने दाखवत म्हणाले, "हे पक्कं नसते बसवेल, झुलते. दांडा वर जाते तवा त्याले हलाले जागा लागते."

एवढ्या दोन वाक्यांत कोडे सुटले. गाडी चालू असताना सिलिंडरमध्ये दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना निर्वात असतो आणि दट्ट्या स्वतःच्या वजनाने खाली बसतो. ब्रेकसाठी नळीत हवा सोडली की ती खालून दट्ट्याला वर ढकलते आणि दांडा ब्रेकच्या आडव्या शाफ्टचा हात ओढतो. हा हात सरळ न जाता कमानीत फिरतो. सिलिंडर घट्ट आवळला तर दांडा वाकेल, म्हणून तो दोन कानांवर टांगलेला असतो आणि दांड्याबरोबर कलतो. दोन्ही फोटो खरे होते: एक ब्रेक सुटलेला असतानाचा, दुसरा लागलेला असतानाचा. माझ्या प्रतिकृतीचा डबा कारंज्याला उभा आहे, म्हणून त्याचा सिलिंडर मी कललेला बसवला.

या साऱ्या खटाटोपाला थोडी घाई होती. गाडी गेल्या दशकात बंद पडली, आणि ब्रॉडगेजची मागणी जोरात आहे. ती रास्तच, कारंज्याच्या विद्यार्थ्याला आणि आजाऱ्याला माझ्या मिलिमीटरांशी काय देणेघेणे? पण डबा भंगारात जातो तेव्हा त्याची पाटी कोणीतरी हौसेने काढून घेतो, एखादी खिडकी हॉटेलच्या भिंतीवर जाते, आणि अंडरफ्रेम किलोवर विकली जाते. ती वाचता येणारी माणसेही आता सत्तरीपुढची आहेत.

फिटरकाकांनी प्रतिकृती हातात घेतली आणि आधी उलटी केली. छत, खिडक्या, रंग यांच्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. सिलिंडरपासून निघून डब्याच्या कडेला येणारी बारीक तार, जिला हिसका देऊन अडकलेला ब्रेक सोडवतात, ती दोन्ही बाजूंना आहे का हे त्यांनी नखाने चाचपून पाहिले. आहे म्हटल्यावर डबा सरळ केला आणि चहा सांगितला.